हरणाच्या केसांचा बेडूक

मी टेनेसीत राहतो आणि उन्हाळ्यात बास माशांसाठी पाण्यावर तरंगणाऱ्या मोठ्या फ्लाय बांधतो. फ्लाय म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेलं खोटं भक्ष्य. माझं बहुधा बेडकाच्या रूपाचं असतं. त्याला हरणाच्या अंगावरचे केस लागतात. हा केस आतून हवेनं भरलेला, म्हणून तरंगतो. पेन्सिलीच्या जाडीची जुडी कातड्यालगत कापायची, मुळाशी असलेली लव विंचरून काढायची, गळाच्या दांड्यावर जुडी धरून दोऱ्याचे दोन सैल वेढे द्यायचे आणि दोरा ताणायचा. केस झटकन फुलतात आणि दांड्याभोवती फिरून बसतात. जुडीमागून जुडी अशी बांधून घट्ट दाबत जायचं, मग दाढीच्या पात्यानं आकार द्यायचा. पोट मात्र अगदी सपाट तासायचं. तिथे केस राहिले तर गळाचं टोक त्यांत अडकतं आणि तोंडाशी आलेला मासा सुटतो.

या कामाचा इतिहास आमच्याकडे चॅटानूगापासून सांगतात. तिथल्या अर्नेस्ट पेकिनपॉ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गळावर बूच बसवलं. पाण्यात पडलेलं बूच तरंगताना पाहून त्यांना ते सुचलं म्हणे. बुचाची फ्लाय रंगवता येते, भराभर करता येते, दुकानात मांडता येते. धंदा त्यांनी उभा केला, हे खरंच. पण कलेचं मूळ त्यांच्याकडे नेणं मला पटत नाही.

फिलाडेल्फियाचे निसर्ग-अभ्यासक विल्यम बार्ट्राम यांचं प्रवासवर्णन १७९१ साली छापलं गेलं. फ्लोरिडातली मासेमारी त्यांनी बारकाईनं टिपली आहे. छोट्या होडीत दोघं. एक मागे बसून हळूच वल्हवतो, दुसऱ्याच्या हाती दहा-बारा फुटांची काठी आणि तिला जेमतेम वीस इंच दोरी. दोरीला पाठीला पाठ लावून बांधलेले तीन मोठे गळ. त्यांवर हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, लाल पट्टीच्या चिंध्या, रंगीबेरंगी पिसं, सगळं मिळून मुठीएवढा गोंडा. तो काठच्या शेवाळाच्या कडेनं पाण्यावर झुलवायचा, मधूनच पाण्याला टेकवायचा, की खालून मासा झेपावतो. बार्ट्राम त्याला ट्राउट म्हणतात, कारण दक्षिणेत बासला तेच नाव होतं. हरणाचे केस, मोठा आकार, पाण्याचा पृष्ठभाग: पेकिनपॉंच्या शंभरहून अधिक वर्षं आधी सगळं जागच्या जागी होतं. होडीतल्या त्या माणसांनी विकायला काही बांधलं नाही, म्हणून त्यांची नावं राहिली नाहीत.

१८८१ मध्ये डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी बासवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या माशाला मान मिळवून दिला. केसांच्या एका फ्लायला आजही त्यांचं नाव आहे.

बुचाच्या फ्लायची कीर्ती पसरवली ती शिकागोच्या विल डिल्ग यांनी, मासिकांतून लिहून. मिसिसिपीच्या काठच्या उथळ, वेलींनी भरलेल्या पाण्यात ते बास धरायचे. १९२२ साली शिकागोत आयझॅक वॉल्टन लीग ही मासेमारांची संघटना स्थापन झाली, डिल्ग तिचे पहिले अध्यक्ष. पुढच्याच वर्षी मिसिसिपीकाठची ती दलदल उपसून शेतजमीन करण्याचा बेत निघाला. डिल्ग वॉशिंग्टनला जाऊन बसले, खासदारांच्या मागे लागले, आणि ७ जून १९२४ रोजी नदीकाठचं अभयारण्य मंजूर झालं. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा आणि इलिनॉय या चार राज्यांतून ते सुमारे २६० मैल जातं. बास तिथे आजही आहेत, आणि त्या पाण्यात मासेमारीला परवानगी आहे.