भाड्याच्या विजेरी स्कूटरची कुळकथा

फोनने कुलूप उघडायचे आणि मिनिटांच्या हिशेबाने पैसे भरायचे, अशा विजेरी स्कूटरचा महाराष्ट्रातला पूर्वज म्हणजे तासावर मिळणारी सायकल. पुणे सायकलींचे शहर होते तेव्हा दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून सायकल देई. ओळख हेच तारण. म्हणून परगावच्या पाहुण्याला ती मिळणे कठीण, आणि कुणालाही ती त्याच दुकानात परत करावी लागे.

ओळखीवाचून वाहन वाटून घ्यायचा प्रयोग ॲमस्टरडॅममध्ये 1965 साली झाला. प्रोव्हो चळवळीने पांढऱ्या सायकली कुलपाविना रस्त्यावर ठेवल्या आणि पोलिसांनी त्या उचलून नेल्या. राखणीचा हा पेच पुढे जीपीएस आणि फोनवर उघडणाऱ्या कुलपाने सुटला. डिसेंबर 2017 मध्ये अशा सायकली औंधमध्ये आणि पुणे विद्यापीठाच्या आवारात आल्या.

गोव्याची वाट वेगळी. केंद्राच्या 1997 च्या योजनेने दुचाकी भाड्याने देण्याला रीतसर परवाना मिळाला. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली पेट्रोलची स्कूटर दिवसाच्या भाड्याने घेऊन समुद्रकिनारे पाहणे ही पर्यटकांची रीतच झाली. मात्र तिथे मालक समोर असतो, आणि चालकाकडे परवाना लागतो.

विजेरी स्कूटरने या दोन्ही अटी गाळल्या, पण मोल देऊन. मोटर 250 वॉटपर्यंत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर कायदा अशा वाहनाला मोटार वाहन मानत नाही. मग चालकाचा परवाना नको, नोंदणी नको. बंगळूरच्या युलू कंपनीने आपली ‘मिरॅकल’ ही स्कूटर याच मापात घडवली. बजाज ऑटोने 2019 मध्ये युलूमध्ये भांडवल घातले आणि 2020 मध्ये ही स्कूटर मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात धावू लागली.

तिची सोय आणि तिची हद्द, दोन्ही या मापातूनच आल्या. सपाट रस्त्यावर स्टेशनपासून कचेरीपर्यंत किंवा संध्याकाळी बागेपर्यंत ती पुरते. कंपनीने आखलेल्या क्षेत्राबाहेर मात्र तिला सोडता येत नाही. पुणेकरांची सुट्टीची भटकंती बहुधा शहराबाहेरची, घाटांची आणि गडांची. कात्रज ओलांडून नसरापूर, तिथून विंझरवरून वेल्हे आणि तोरण्याचा पायथा, या पल्ल्यासाठी स्वतःची मोटारसायकल किंवा एसटीच लागते.