‘स्वराज्याचे तोरण’ ते ‘उदयकाल’



सुरतेत मराठी शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, “सर, महाराजांनी सुरत लुटली. मग लुटणारे आपले, की लुटले गेलेले आपले?” त्या दिवशी मी निरुत्तर झालो. आज दोन युद्धपटांची हकीकत सांगून त्या प्रश्नाकडे येतो.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगड सर झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाराजांची सुरतेवर दुसरी स्वारी झाली. सिंहगडाची ती रात्र कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ साली पडद्यावर आणली. कथा हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीची. पण अडचण अंधाराची. त्या काळी चित्रण मुख्यतः सूर्यप्रकाशावर चाले आणि लढाई तर रात्रीची! पूर्वी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडविणाऱ्या या कलावंताने कृत्रिम दिव्यांचा आधार घेऊन ती दृश्ये साधली.

त्या चित्रपटात शेलारमामा झालेले शांताराम यांनी पुढे ‘प्रभात’साठी शिवचरित्रावर मूकपट काढला आणि शिवाजीची भूमिकाही स्वतःच केली. नाव ठेवले ‘स्वराज्याचे तोरण’. साल १९३०. एप्रिलमध्ये, तेव्हाच्या आपल्या सुरत जिल्ह्यातील दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मूठभर मीठ उचलले होते. अशा वेळी ‘स्वराज्य’ हा शब्द सेन्सॉरला कसा सोसावा? नाव बदलावे लागले, ध्वज उभारण्याच्या दृश्याला कात्री लागली, आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने लोकांपुढे आला. पेंटरांना अंधाराशी झुंजावे लागले, शांतारामांना सत्तेच्या भयाशी. अंधारावर दिव्याचा उपाय चालला. भयापुढे शब्द गाळावा लागला.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. सिंहगडावरचा पराक्रम खरा, तसे सुरतेच्या पेढ्यांवर कोसळलेले संकटही खरे. चित्रपटाला एक बाजू निवडावी लागते. इतिहासाच्या अभ्यासकाला ती मोकळीक नाही. पण ज्या शब्दाची परकीय सत्तेला धास्ती वाटली, तो १९३० साली कोल्हापूरकरांचा होता आणि सुरतकरांचाही. म्हणून आज मी त्याला सांगेन, “बाळ, दोन्ही आपलेच.”