लाहोरची फौज, गोदावरीचं पाणी : नांदेडचे दख्खनी शीख

सोमेश्वरनगरहून आजचा भाग. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

सुरुवात लांबून करतो. अर्जेंटिना म्हटलं की आपल्याला मेस्सी आठवतो. पण त्याच देशाच्या उत्तरेला, साल्ता प्रांतात, रोसारियो दे ला फ्रोंतेरा नावाच्या गावात एक गुरुद्वारा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून गेलेली माणसं तिथं रेल्वेवर आणि साखर कारखान्यांत कामाला लागली. पुढच्या पिढ्या स्पॅनिश बोलू लागल्या. कारखान्याभोवती गाव कसं उभं राहतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको, म्हणून ही गोष्ट मला लगेच जवळची वाटली.

मग प्रश्न पडला, की असं आपल्याकडे कुठं घडलंय का? घडलंय. नांदेडला. आणि तेही शंभरेक वर्षं आधी.

१७०८ साली गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहासोबत दक्षिणेत आले. नांदेडला त्यांच्यावर हल्ला झाला आणि ऑक्टोबरमध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. जाण्यापूर्वी त्यांनी सांगितलं की यापुढं माणूस गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. म्हणजे शीख धर्मातला एवढा मोठा निर्णय गोदावरीकाठी झाला. तिथंच राहणारा माधोदास बैरागी त्यांचा शिष्य झाला. तोच बंदासिंग बहादूर. त्यानं पंजाबात जाऊन १७१० मध्ये सरहिंद जिंकलं.

पण वस्ती खऱ्या अर्थानं वाढली ती १८३० च्या दशकात. हैदराबादच्या निजामाच्या दरबारात चंदुलाल हे वजनदार कारभारी होते. त्यांच्या काळात महाराजा रणजितसिंगांच्या लाहोरहून शीख सैनिक निजामाच्या चाकरीत आले. लोक त्यांना ‘लाहोरी फौज’ म्हणत. याच सुमारास, १८३२ ते १८३७ मध्ये, रणजितसिंगांनी नांदेडचा आजचा गुरुद्वारा बांधवून घेतला. नोकरी संपली तरी बरेचजण परत गेले नाहीत. इथंच लग्नं झाली, इथंच घरं झाली. हेच दख्खनी शीख.

आता गंमत बघा. पगडी तीच, ग्रंथ तोच, पण घरात भाषा दख्खनी किंवा मराठी, आणि तेलंगणात गेलात तर तेलुगू. हुजूर साहिबच्या काही प्रथाही वेगळ्या आहेत. रोज गोदावरीचं पाणी आणलं जातं. दिव्यांची आरती होते. दसऱ्याला आणि होळीला ‘हल्ला बोल’ मिरवणूक निघते. पंजाबातल्या काहींना यातलं बरंच निराळं वाटतं. इथले लोक म्हणतात, आम्ही तर जुनंच जपलंय.

खरी अडचण इथंच आहे. पंजाबात गेलं तर हे ‘दख्खनचे’, आणि महाराष्ट्रात कुणीतरी सहज विचारतं, “तुम्ही मूळचे कुठले?” जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही! गुरुद्वाऱ्याचा कारभार १९५६ च्या खास कायद्यानं चालतो. मंडळावर सरकारनं किती माणसं नेमायची, यावर वाद होत आलेत. २०२४ मध्ये कायदा बदलायच्या हालचाली झाल्या तेव्हा नांदेडमध्ये विरोध उभा राहिला. प्रश्न साधा होता : आपल्या देवस्थानाचा निर्णय कुणी घ्यायचा?

हा रस्ता एकतर्फी नाही, हेही लक्षात ठेवा. आपले संत नामदेव पंजाबात गेले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान त्यांच्या नावानं ओळखलं जातं, आणि २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं. घुमानला नामदेव परके नाहीत. मग नांदेडचा सरदार आपल्याला परका का वाटावा?

मला वाटतं, माणूस कुठून आला यापेक्षा त्याच्या किती पिढ्यांनी इथलं पाणी प्यायलं, हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडंही कारखान्यामुळं बाहेरगावचे कितीतरी लोक येऊन स्थायिक झालेत. त्यांच्या नातवंडांना आपण ‘बाहेरचे’ म्हणतो का?

तुमच्या गावात असं एखादं घर असेल, तर त्यांच्या आजी-आजोबांना एकदा विचारा, “तुमची माणसं इथं कशी आली?” आणि फोन बाजूला ठेवून नीट ऐका. उत्तर रेकॉर्ड करायची परवानगी मिळाली, तर आम्हालाही पाठवा. भेटू पुढच्या भागात!