वेसावे आणि दृश्यसीमेचा प्रश्न

अखंड चित्रणात एक दृश्य कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते, हा प्रश्न केवळ संकलकाच्या सोयीचा नव्हे. त्याला स्वतःचा इतिहास आहे. १८९९ साली सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. त्या काळी फीत तोकडी असे, आणि ती संपली की दृश्यही संपे. पुढे फीत लांबली, तरी मर्यादा राहिलीच. ३५ मि.मी.च्या १,००० फूट फितीत १६,००० चौकटी मावतात व सेकंदास २४ या गतीने ती सुमारे ११ मिनिटांत संपते. फीत महाग असल्याने कॅमेरा वेळीच थांबविणे भाग पडे. बोलपटांच्या काळात ध्वनी व चित्र जुळविण्यासाठी क्लॅपची पाटी आली; तिने प्रत्येक शॉटचा आरंभही नोंदविला.

अंकीय कॅमेऱ्याने हा लगाम सैल केला. वर्सोव्याच्या, म्हणजेच कोळ्यांच्या वेसाव्याच्या, शेजारी आरामनगरात अभिनेत्यांच्या निवडचाचण्या चालतात. अशा ठिकाणचे एका तासाचे चित्रण सेकंदास २५ चौकटींच्या हिशेबाने ९०,००० चौकटींचे होते. ते डोळ्यांनी चाळणे हे साहाय्यकाचे कष्टाचे काम होय.

यंत्राने हे काम करावे, यासाठी लगतच्या चौकटींतील रंगांच्या वाटणीची तुलना करण्याची पद्धत निघाली. फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की तेथे सीमा मानावयाची. १९९३ साली होंगजियांग झांग, आत्रेयी कंकनहळ्ळी व स्टीफन स्मोलियर यांनी हळूहळू होणारे स्थित्यंतर ओळखण्यासाठी दोन मर्यादांची युक्ती मांडली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००१ ते २००७ या काळात अशा पद्धतींची तुलनात्मक परीक्षा घेतली.

परंतु ही साधने मुख्यतः संकलित चित्रपटांसाठी होती. असंकलित चित्रणात कापच नसतो. वेसाव्याच्या किनाऱ्यावरील होड्यांवरून कॅमेरा इमारतींकडे वळला, तर रंग पालटतात, पण प्रसंग तोच राहतो. उलट त्याच खोलीत, त्याच भिंतीपुढे दुसरा उमेदवार उभा राहिला, तर चित्र फारसे न बदलताही प्रसंग बदलतो. म्हणून चौकटींच्या जोडीऐवजी आधीच्या व नंतरच्या चौकटींचे समूह ताडून पाहणे, तसेच आवाज व कॅमेऱ्याने नोंदविलेली वेळ यांचा आधार घेणे आवश्यक ठरते.

तात्पर्य, यंत्र बदल मोजते. प्रसंग ठरतो तो हेतूवरून. पूर्वी ही सीमा फितीची लांबी व क्लॅपची पाटी आखीत असे. आता ती आखताना यंत्राची मोजणी कितीही सूक्ष्म झाली, तरी अखेरचा निर्णय संकलकाकडेच राहतो.