चरबीतल्या गाठीची बदलती नावे

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरहून लोकलने परळला येणाऱ्या कित्येक नातेवाइकांच्या पिशवीत काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचा एक लहानसा ठोकळा असतो. रुग्णाच्या गाठीचा तुकडा त्या मेणात बसवलेला असतो. लॅबमध्ये त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी बसवली. बाहेर झालेले निदान तिथे पुन्हा पारखले जाते. सबक्युटेनियस पॅनिक्युलायटिस-लाइक टी-सेल लिम्फोमा या लांबलचक नावाच्या दुर्मीळ आजारात तर सगळे या पारखण्यावरच ठरते.

मांड्या, दंड किंवा पोटाच्या त्वचेखाली, थेट चरबीत, गाठी येतात. सोबत रेंगाळणारा ताप. आपल्याकडे अशा तापाला पहिला संशय क्षयाचा, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र निराळे चित्र दिसते : एकेका चरबीपेशीभोवती टी-पेशींनी धरलेले कडे. या खरे तर शरीराच्या पहारेकरी पेशी. पण ल्युपस या आजारातही चरबीला अशीच सूज येते, आणि अनुभवी डोळेही फसतात.

वैद्यकाने या गाठींना पूर्वी ‘वेबर-ख्रिश्चन’ आजारात ढकलले होते. ते निदान नव्हतेच, अडगळीची खोली होती. १९८० साली विंकलमन आणि बोवी यांनी त्यातून पेशी गिळणाऱ्या पेशींचा एक प्रकार वेगळा काढला. १९९१ मध्ये गोन्झालेझ आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांवरून सांगितले, की हा टी-पेशींचा कर्करोग आहे. अनेकांना मग कर्करोगाची जबर केमोथेरपी मिळू लागली.

पण एका नावाखाली दोन आजार नांदत होते. २००८ साली विलेम्झे यांच्या युरोपीय गटाने ८३ रुग्ण तपासले. अल्फा-बीटा जातीच्या टी-पेशींचे ६३ रुग्ण होते. त्यांच्यात पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ८२ टक्के. गॅमा-डेल्टाच्या २० जणांत ते अवघे ११ टक्के! आता मूळ नाव फक्त पहिल्यांना लावतात. त्यांच्यातही पांढऱ्या पेशी बेफाम होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागल्या, की ते प्रमाण ९१ वरून ४६ टक्क्यांवर येते. म्हणून ताप आणि रक्ताच्या आकड्यांवर डॉक्टरांची नजर असते.

मग २०१८ साली आणखी एक वळण आले. तपासलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत ‘टिम-३’ या प्रथिनाचे जनुक जन्मापासूनच सदोष निघाले, तेही आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी. टिम-३ हा प्रतिकारशक्तीचा ब्रेक. तो लागतच नाही. मग याला कर्करोग म्हणायचे की भडकलेली प्रतिकारशक्ती? मला हा वाद नुसता शब्दांचा वाटत नाही. रक्तपेशी गिळण्याचा प्रकार नसेल, तर आज अनेक ठिकाणी स्टेरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन यांसारख्या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधांनी सुरुवात करतात. केमोथेरपी मागे ठेवतात. पण त्याआधी पेशी अल्फा-बीटा की गॅमा-डेल्टा हे कळायला हवे, आणि ते पिशवीतल्या त्या ब्लॉकचे नवे काप काढून, त्यांना खास रंग देऊनच कळते.