भाड्याची सायकल आणि दिवे घाट

पुण्याभोवतीचे डोंगर सर्वसामान्य पुणेकराला कुणी दाखवले, असं मला कुणी विचारलं तर मी भाड्याच्या सायकलीचं नाव घेईन. एसटी होती, आगगाडी होती, हे खरं. पण वाटेत वाटेल तिथे थांबावं, मळ्यातल्या मोटेच्या पाण्याने तोंड धुवावं, आवडलेल्या वळणावर तासभर बसून राहावं, ही मोकळीक दिली ती दिवसाच्या बोलीवर मिळणाऱ्या काळ्या, जड, एकाच गतीच्या सायकलीने. गडांच्या वाटांवर ग्रंथ आहेत, सायकल शर्यतींबद्दलही लिहिलं गेलं आहे. पेठेतल्या सायकल दुकानाने रविवारी सकाळी काय काम केलं, ते मात्र माझ्या वाचनात कुठे आलेलं नाही. आमच्या घरचा धंदा तोच होता, म्हणून हे लिहितो आहे.

सायकल इकडे आली ती साहेबाबरोबर. आज आपण जिला सायकल म्हणतो, ती दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी असलेली गाडी इंग्लंडात १८८५ मध्ये स्टार्लीने बाजारात आणली. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि ती बसण्यालायक झाली. आपल्याकडे पहिली कित्येक वर्षं ती श्रीमंतांची हौस होती. मुंबईत शिक्षकी करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथून सायकली पाठवत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत. गिऱ्हाइकाला चालवायलाही तेच शिकवत. नांगर, पंप, किर्लोस्करवाडी हे सगळं पुढचं. मराठी उद्योगाच्या एवढ्या मोठ्या घराची सुरुवात सायकलच्या दुकानात झाली, याचा आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फार अभिमान होता. दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी त्यांनी लक्ष्मणरावांचा फोटो लावला होता.

सायकलची किंमत तेव्हा कारकुनाच्या कित्येक पगारांची. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला, सोनिपतला, आसनसोलला, लुधियान्याला कारखाने निघाले आणि सायकल आवाक्यात आली. तरीसुद्धा घरात एकच. ती वडिलांची, कचेरीला नेण्याची. तिला हात लावायची मुलांना बंदी. मुलगा सायकल शिकायचा तो भाड्याच्या सायकलवर, नळीखालून पाय घालून, आणि पहिल्यांदा शहराबाहेर जायचा तोही तिच्यावरूनच.

शुक्रवार पेठेत आमचं दुकान एका गाळ्याचं होतं. सायकली बाहेर रस्त्यावर ओळीने लावलेल्या. प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात आकडा आणि हँडलखाली महानगरपालिकेचा त्या वर्षीचा बिल्ला. वही लांबट, लाल कापडी बांधणीची: नाव, पत्ता, सायकलचा आकडा, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ, पैसे. सत्तरच्या दशकात तासाला पंचवीस पैसे होते. दिवसाचा दर वेगळा ठरे, आणि घाटाकडे जायचं असेल तर ते आधी सांगावं लागे. कारण आप्पांनी घाटाच्या सायकली वेगळ्या काढलेल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी दिवे लागल्यावर त्या तपासण्याचं काम चाले. एकेक सायकल उलटी करून ते चाक फिरवत, चिमट्याजवळ खडू धरत, आणि रिम जिथे खडूला लागे तिथले स्पोक चावीने आवळून आउट काढत. मग ब्रेक. तेव्हाचे ब्रेक गजाचे. रबराचे तुकडे रिमला खालून घासायचे. रबर अर्धं झिजलं की ती सायकल गावात चालवायला ठीक, घाटाला नाही, हा त्यांचा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. ओळखीचा माणूस असला तरी, "आप्पा, द्या हो, जपून नेतो," एवढ्यावर भागत नसे. शेवटी पत्र्याच्या डबीत पॅचचे दोन तुकडे, सोल्यूशनची ट्यूब, काचकागद आणि व्हॉल्व्हट्यूबचा बोटभर तुकडा घालून ती डबी सीटखाली सुतळीने बांधत. व्हॉल्व्हट्यूब म्हणजे शेवयांएवढी बारीक रबरी नळी. ती जुनी होऊन चिकटली की टायर धड असूनही हवा टिकत नाही. दिवे घाटाच्या पायथ्याशी, वडकीच्या पुढे माणूस अडकला तर तो बहुधा तेवढ्या नळीपायीच अडकतो, असं ते म्हणत.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची असत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार, छापखान्यातले जुळारी, शाळामास्तर, वसतिगृहातले विद्यार्थी. अनोळखी माणसाला पेठेतल्या कुणाची तरी ओळख आणावी लागे. पण ती मिळाली की पुढे कसली चौकशी नव्हती. मुलींसाठी आमच्याकडे मधली नळी नसलेल्या, मागच्या चाकाला जाळी आणि साखळीवर पूर्ण झाकण असलेल्या सायकली होत्या. कॉलेजातल्या मुलींचा घोळका त्या घेऊन सासवडला जाई तेव्हा शेजारपाजारचे आप्पांना विचारत, "अहो, पोरींना घाटात कसं जाऊ देता?" आप्पा उत्तर देत, "ब्रेक मी तपासलेत." माझी थोरली बहीण त्या घोळक्यात असे.

जायच्या वाटा ठरलेल्या. सिंहगड, खडकवासला, कात्रज. दमदार मंडळी खंबाटकीपर्यंत मजल मारत. मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ साली सुरू झाली होती. बोरघाट पहिला चढून येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत, आणि त्या आकर्षणाने काही तरुण लोणावळ्याकडेही जात. पण सहल म्हणून सगळ्यांत लाडका होता दिवे घाट.

त्याचं कारण त्या रस्त्यात आहे. हडपसर सोडलं की फुरसुंगीपर्यंत तेव्हा कालव्याचं पाणी, ऊस, भाजीचे मळे असत. सगळं सपाट, पायांना तापवून घ्यायला पुरेसं. वडकीपाशी डोंगर एकदम समोर उभा राहतो. मग चार किलोमीटरच्या आसपास चढ, खाली मस्तानी तलाव, आणि वर झेंडेवाडी. माथा गाठल्यावर पलीकडे तेवढाच उतार नाही. तिथून कऱ्हेचं पठार सुरू होतं. चढाचे कष्ट एकदाच, परतीला मात्र तो सगळा चढ उतार होऊन मिळतो. पुण्याहून सासवड तीस-बत्तीस किलोमीटर. पहाटे निघून दुपारी परत येणं साध्या माणसालाही जमे.

ही वाट सायकलीच्या फार आधीची. सासवड हे पेशव्यांचं पुण्याआधीचं घर. बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये तिथेच वारले. घाटमाथ्याजवळ सोनोरीला पानशांनी मल्हारगड बांधला, १७५७ ते ६० च्या दरम्यान, मराठ्यांनी बांधलेला अगदी अखेरच्या काळातला किल्ला. पानसे हे पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख, आणि गडाचं काम घाटावर नजर ठेवण्याचं. ज्ञानोबांची पालखी आषाढवारीत याच घाटाने चढते, आणि त्या दिवशी रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. सह्याद्रीतली बरीचशी मालवाहतूक शतकानुशतकं बैलांच्या पाठीवरून झाली. बोरघाटात चाकाची गाडी जाईल असा रस्ता १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या काळात खुला झाला. गाडीरस्ता आखायचा म्हणजे भरल्या गाडीला जुंपलेल्या बैलाचा दम बघून चढ ठरवायचा. आपल्या जुन्या घाटांची ती लांबलचक वळणं बैलासाठी आहेत, आणि बैलाला जे सोसतं ते सायकलवाल्यालाही सोसतं. मोटारीसाठी सरळ, उभे काढलेले नवे रस्ते तेवढे दयाळू नाहीत.

तरीही आमच्या सायकलीवर बसून दिवे घाट चढणारा विरळा. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्याला १८. पायडलची एक फेरी म्हणजे जवळजवळ साडेपाच मीटर पुढे. सपाटीवर हे उत्तम. चढावर वीस किलोची सायकल आणि सत्तर किलोचा माणूस दर फेरीला तेवढे वर ओढणं मांड्यांना झेपत नाही. उपाय जगात माहीत होता. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन या डोंगराळ भागातल्या गावी पॉल द व्हिव्ही नावाचा गृहस्थ १८८७ पासून सायकलवर मासिक चालवत होता. 'व्हेलोसिओ' हे त्याचं टोपणनाव. डोंगरात हिंडायचं तर एका सायकलला अनेक गती हव्यात, हे तो आयुष्यभर सांगत राहिला. शर्यतवाल्यांना ते दुबळेपणाचं लक्षण वाटे. टूर द फ्रान्समध्ये साखळी या चक्रावरून त्या चक्रावर नेणाऱ्या गिअरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. मला व्हेलोसिओ फार जवळचा वाटतो. शर्यत आणि सहल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सायकलची सुधारणा सहलवाल्याच्या गरजेतून झाली, हे त्याच्यामुळे ठामपणे म्हणता येतं.

आमच्याकडे गिअर नव्हते, म्हणून रीत पडली ती उतरून ढकलत चालण्याची. चढाला उतरायचं, उताराला सोडायची. ज्यांनी तसा घाट चढला आहे ते सांगतील की सहलीची खरी गंमत त्या तासाभरात असे. सपाटीवर सगळे मागेपुढे होतात. चढावर सगळे एका ओळीत, हँडलला हात, आणि गप्पा. लग्नं, नोकऱ्या, नाटकं, संयुक्त महाराष्ट्र, सगळं त्या वळणांवर बोलून झालं. वर पोहोचल्यावर डबा. सासवडला संगमेश्वराच्या घाटावर पाय बुडवून बसायचं. कुणी पुढे कोडीतला, आचार्य अत्र्यांच्या जन्मगावी, जाऊन येई. उन्हाळ्याच्या तोंडावर अंजिराच्या बागा उतरत असत, आणि पाटी घेतल्याशिवाय कुणी परतत नसे. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन २०१६ मध्ये मिळालं. आमच्या गिऱ्हाइकांनी ते कधीच दिलं होतं.

परतीचा उतार ही परीक्षा. गजाचे ब्रेक सतत दाबून धरले तर रबर तापून गुळगुळीत होतं आणि मग पकडत नाही. आप्पा प्रत्येकाला बजावत: मागचा आधी, पुढचा नंतर, दाबायचा-सोडायचा, आणि वळणाच्या आधी वेग मोडायचा, वळणात नव्हे. संध्याकाळी सायकल परत आली की ते आधी रबरावरून अंगठा फिरवत. कुणी कसा घाट उतरला ते त्यांना तेवढ्यात कळे. कॅरिअरच्या सुतळीला अंजिराचा चीक लागलेला असला तर सायकल सासवडला गेली होती हेही कळे, मग वहीत 'गावात' असं लिहिलेलं का असेना.

हे सगळं मोडलं कशाने? १९७२ साली लुना ही मोपेड आली. तिला पायडल होते, पण ते सारखे मारावे लागत नव्हते. आकुर्डीला स्कूटरी होऊ लागल्याच होत्या. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारेही होते. हळूहळू कारकुनाकडे स्वतःचं दुचाकी वाहन आलं आणि भाड्याच्या सायकलीकडे फक्त शिकणारी मुलं उरली. शहर वाढलं, तसे हडपसरचे मळेही गेले. आप्पांनी १९८९ साली दुकान आवरलं. लुनाला मी दोष देत नाही. रोज वीस किलोमीटर कामाला जाणाऱ्याला तिने जे दिलं ते मोलाचं होतं. पण रविवार त्यात गेला.

आज डोंगरात सायकलवाले पुन्हा दिसतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. नवा बोगदा झाल्यापासून जुन्या कात्रज घाटात रविवारी पहाटे त्यांची रीघ असते. मीही गिअरची सायकल घेतली आहे, आणि दिवे घाट आता बसून चढतो. पण यातल्या बहुतेक सायकलींची किंमत पुन्हा कित्येक पगारांच्या घरात गेली आहे. २०१७ च्या अखेरीला मोबाइलवर उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली शहरात आल्या होत्या. थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. त्या पेठेत उभ्या होत्या, घाटाला नेण्याजोग्या नव्हत्या, आणि शनिवारी संध्याकाळी त्यांचं चाक फिरवून बघणारं कुणी नव्हतं. पालखी मार्गाच्या रुंदीकरणासाठी दिवे घाटाचा डोंगर आता फोडला जातो आहे. त्या रुंद रस्त्यात सायकलीला कडेची एक पट्टी आणि वडकीला भाड्याचं एक दुकान, एवढं झालं तर डोंगर पुन्हा ज्याच्या खिशात थोडे पैसे आहेत त्याचाही होईल.

कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं केलं आहे, त्यामुळे यंत्रं तरी जपली जात आहेत. वह्यांचं तसं झालेलं नाही. आमच्या दुकानाच्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. एकच उरली, तीही अर्धी वाळवीने खाल्लेली. तुमच्या घरी वडिलांचं, आजोबांचं सायकलचं दुकान असेल तर माळ्यावर एकदा बघा. नावं, वेळा आणि आकडे लिहिलेली लांबट वही सापडली, किंवा नगरपालिकेचा बिल्ला, किंवा घाटातला एखादा फोटो, तर भंगारवाल्याला देऊ नका. पानांचे फोटो काढा, साल लिहून ठेवा, आणि दुकानाची आठवण असलेलं माणूस हयात असेल तर त्याच्यापाशी या महिन्यातच जाऊन बसा.