फाशी, सरहद्द आणि तारीख



किंग कोठीच्या रस्त्याने आपण सगळेच अनेकदा गेलो आहोत. 4 डिसेंबर 1947 रोजी तिथे नारायणराव पवार या आर्यसमाजी तरुणाने निजाम मीर उस्मान अली खान यांच्या मोटारीवर बाँब टाकला. निजाम बचावले, पवारांना फाशीची शिक्षा झाली. ती अमलात येण्यापूर्वीच सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली आणि शिक्षा देणारी राजवटच कोसळली. पवार पुढे सुटले. गुन्हा तोच, पुरावा तोच. बदलली ती फक्त सत्ता.

फाशीच्या बाबतीत सरहद्द केवढी मोठी गोष्ट होती, हे आज सहज लक्षात येत नाही. तुळजापूर निजामाच्या मुलखात, सोलापूर इंग्रजांच्या. दोन्ही गावांत अंतर तीसेक मैलांचे. पण सोलापूरच्या आरोपीला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागता येत असे, तर तुळजापूरच्या आरोपीची शेवटची दाद हैदराबादेतच, निजामाच्या न्यायसमितीपुढे संपे. त्याच काळात दक्षिणेला त्रावणकोर संस्थानाने 1944 मध्ये फाशीच रद्द केली होती. भारतात विलीन झाल्यावर तिथे ती परत आली. म्हणजे एकाच देशात, एकाच दशकात, माणूस कोणत्या वेशीच्या आत उभा आहे यावर त्याचा जीव अवलंबून होता.

याची खरी कसोटी लागली ती नलगोंड्याच्या बारा जणांच्या बाबतीत. तेलंगणच्या शेतकरी लढ्यातील 1948 च्या खुनांबद्दल त्यांना फाशी झाली. ती दिली लष्करी गव्हर्नरांच्या अमलात नेमलेल्या विशेष न्यायाधिकरणांनी, 1949 मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात मुसीकाठच्या हायकोर्टाने ती कायम केली. जेमतेम सहा आठवड्यांनी, 26 जानेवारी 1950 रोजी, राज्यघटना लागू झाली आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालय आले. इंग्लंडहून आलेले नामांकित वकील डी. एन. प्रिट आरोपींच्या बाजूने उभे राहिले. डिसेंबर 1950 मध्ये न्यायालयाने सांगितले, की हायकोर्टाचा निकाल घटनेपूर्वीचा आहे आणि त्या वेळी हैदराबादचे न्यायालय भारताच्या हद्दीतले नव्हते. म्हणून इथे अपील चालणार नाही. निकाल दीड महिना उशिरा लागला असता, तर दार उघडे असते.

मार्च 1951 मध्ये दुसरा अर्जही फेटाळला गेला. खटल्यात आपल्याला वकील मिळाला नाही, ही आरोपींची मुख्य तक्रार होती. या वेळी न्यायालयापुढे अमेरिकेतील अलाबामाच्या एका खटल्याचा दाखला आला. तिथे स्कॉट्सबरो गावी 1931 मध्ये आठ कृष्णवर्णीय तरुणांना घाईघाईने फाशी सुनावली होती. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्यांना वकिलाची खरी मदत मिळाली नाही म्हणून, त्यांच्यापैकी सात जणांची शिक्षा रद्द केली. आमच्या न्यायालयाने मात्र तो नियम इथे लागू केला नाही.

अमेरिकेत तरी सगळे सारखे आहे काय? मिशिगनने 1846 मध्येच खुनासाठीची फाशी बंद केली. उलट 1976 नंतर त्या देशात अमलात आलेल्या फाशींपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या टेक्सासात झाल्या. तिथे फाशी मागायची की नाही हे लोकांनी निवडून दिलेला जिल्ह्याचा सरकारी वकील ठरवतो. त्यामुळे एकाच राज्यात जिल्ह्याजिल्ह्याला न्याय बदलतो. आपली नातवंडे डॅलस-ह्यूस्टनला राहतात, म्हणून हे दूरचे मानायचे कारण नाही.

नलगोंड्याच्या बारा जणांची फाशी शेवटी जन्मठेपेत बदलली. कायद्याचे दार बंद झाल्यावर दयेचे दार उघडले. ते सर्वांसाठी उघडले नाही. आणीबाणीत, 1 डिसेंबर 1975 रोजी, भूमय्या आणि किष्टा गौड या आदिलाबादच्या दोघांना मुशीराबादच्या तुरुंगात फाशी दिली गेली. तो तुरुंग आता नाही. त्या जागेवर गांधी हॉस्पिटल उभे आहे. आपल्यापैकी पुष्कळांची माणसे तिथे उपचार घेऊन बरी होऊन घरी आली असतील. पुढच्या खेपेला तिथे जाल, तेव्हा त्या जमिनीचा हा इतिहासही आठवावा, एवढेच सांगून मी थांबतो.